परकी भाषा, पुठ्ठ्याची पेटी आणि हातातला फोन

परकी भाषा कशी शिकावी, या प्रश्नाआधी आपल्या समाजापुढे दुसराच प्रश्न उभा राहत आला आहे: ती कोणाला शिकू दिली जाते? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी जर्मनचा अभ्यास केला, बॉन विद्यापीठात नावही नोंदवले. आज असा उघड नकार कोणी देत नाही. तो फीच्या आकड्यात, शहराच्या अंतरात आणि वर्गातल्या हसण्यात दडलेला असतो.

हसण्याविषयी मी अनुभवाने बोलतो. तालुक्याच्या मराठी शाळेतून मी महाविद्यालयात आलो. इंग्रजीचा उतारा मोठ्याने वाचताना एक उच्चार चुकला आणि वर्ग हसला. घरातला पहिलाच पदवीधर मी होणार होतो. उच्चार विचारावा असे घरात कोणी नव्हते. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात तोंड उघडले नाही. आणि भाषा तर तोंड उघडल्यावाचून येत नाही.

गेल्या वर्षी नर्सिंग शिकलेली वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मला जर्मन शिकायचंय." २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याची चर्चा तिने ऐकली होती. युरोपात भाषेच्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या मोजतात. तेथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे चौथी, म्हणजे बी-टू पातळी लागते. मला जर्मन येत नव्हते. मीही तिच्याबरोबर शिकायला बसलो. त्यातून जे हाती लागले ते कार्यकर्त्यांच्या आणि शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

पहिली अडचण विसरण्याची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवून दिले की, शिकलेले आपण आरंभी झपाट्याने विसरतो, नंतर हळूहळू. म्हणजे एका रात्री शंभर शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द वाढत्या अंतराने पुन्हा आठवणे फलदायी. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. पत्त्याच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्या. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. २००६ साली आलेला 'अंकी' हा प्रोग्रॅम हेच काम हिशेब ठेवून करतो. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर तो फुकट मिळतो.

परंतु त्या मुलीच्या घरी फोन एकच, आणि तो भाऊ कामावरून आल्यावर रात्री नऊनंतर मोकळा. म्हणून आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले आणि चपलेच्या खोक्यात पाच कप्पे पाडले. दिवसा खोके, रात्री फोन. तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे, त्यामागचा विचार. तो हाती आला की पुठ्ठ्यातूनही काम होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. बहुतेक साधने जर्मन इंग्रजीतून समजावतात. म्हणजे आमच्या मुलांना एका भिंतीवर चढून दुसरी ओलांडायची. वस्तुतः मराठी जर्मनच्या किती जवळ जाते! जर्मन नामांना तीन लिंगे. आपल्यालाही तो, ती, ते आहेत. 'मुलगी' या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी. इंग्रजीतून शिकणारा चक्रावतो, पण आपण 'ते पोर' म्हणतोच की! गौणवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते, आपलेही शेवटीच असते. म्हणून पत्त्यांवर अर्थ मराठीत लिहावेत. लिंगे मात्र शब्दागणिक वेगळी, ती शब्दाबरोबरच पाठ करावीत. 'दार' आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडे स्त्रीलिंगी.

यांत्रिक भाषांतराबाबतही सावध राहावे. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण. भाषांतर इंग्रजीच्या मध्यस्थीने झाले की हा भेद 'यू'मध्ये बुडतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने जन्मभर अरे-तुरे केले, त्यांना या भेदाचे मोल कोणी समजावून सांगायला नको. रुग्णाशी बोलताना तो चुकवून चालत नाही.

उच्चारासाठी फोनचा खरा उपयोग झाला. 'ई' म्हणता म्हणता ओठांचा चंबू केला की जर्मनमधला 'उ'वर दोन टिंबांचा स्वर निघतो. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा चित्रमालिकेच्या रूपातला पाठ्यक्रम फुकट आहे. त्यातले वाक्य ऐकायचे, आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचे, दोन्ही लागोपाठ ऐकायची. चुकले तर पुन्हा. फोन हसत नाही, आडनाव विचारत नाही. मला विसाव्या वर्षी हे मिळाले असते तर ती दोन वर्षे मुकी गेली नसती.

पण फोन हसत नाही, तसा तो माणसासारखा गोंधळतही नाही, मध्येच प्रश्न विचारत नाही, दुःख सांगत नाही. परीक्षेत आणि इस्पितळात समोर माणूस असतो. म्हणून आम्ही दर रविवारी विहारात तासभर बसतो. आता चारजणी येतात. त्या तासात मराठी बंद आणि हसणेही बंद, असा नियम आहे. पहिला नियम रोज मोडतो. दुसरा अजून कोणी मोडलेला नाही.

ज्या गावात विहार आहे, एक फोन आहे आणि एक शिक्षक शिकायला तयार आहे, तेथे हे होऊ शकते. शिक्षकाला ती भाषा आधी आलीच पाहिजे असे नाही. चुकणाऱ्यांच्या रांगेत त्याने आधी उभे राहिले पाहिजे.