२१ दिवसांत सवय लागते, हे खरं आहे का?

'फक्त २१ दिवस करून बघा, सवय लागलीच म्हणून समजा!' असं सांगणारं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. मग आपण जोशात पहाटे चालायला सुरुवात करतो. पण बाविसाव्या दिवशीही गजर वाजला की अंथरुणातून उठवत नाही. 'आपल्यातच जिद्द नाही' असं म्हणून बूट पुन्हा कपाटात जातात. खरं तर इथे दोष आपला नसतो, त्या आकड्याचा असतो.

२१ हा आकडा आला कुठून?

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना साधारण तीन आठवडे लागतात, असं त्यांच्या लक्षात आलं. १९६० साली आलेल्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की अशा बदलांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला 'किमान' हा शब्द गळून पडला आणि आकडा तेवढा उरला.

मग खरंच किती दिवस लागतात?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने रोज करायची एक नवी गोष्ट निवडली होती. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, तर कुणी व्यायाम करायचं.

ती गोष्ट आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. पण माणसामाणसांत मोठा फरक होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

मेंदूत काय होतं?

नवी गोष्ट करताना प्रत्येक पाऊल ठरवावं लागतं. तीच गोष्ट त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पुन्हा केली, की मेंदूच्या आत खोलवर असलेला 'बेसल गँग्लिया' हा भाग हळूहळू ते काम सांभाळू लागतो. मग ओळखीची खूण दिसली की पुढची कृती आपोआप होते. मोबाईल हातात घेताच बोट ठरलेल्या ॲपवर जातं, ते असंच.

मग काय करायचं?

* खूण ठरवा. 'उद्यापासून चालेन' हे मोघम झालं. 'सकाळचा चहा पिऊन कप विसळला, की बूट घालायचे' हे पक्कं झालं. रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट जोडा.
* छोटी सुरुवात करा. पहिल्याच दिवशी तासभर चालू नका. कंटाळा आला तरी जमेल एवढंच, दहा मिनिटं चाला.
* वाईट सवयीची खूण लपवा. रात्री रील्स बघणं थांबवायचं असेल, तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

आणि लग्नकार्य, आजारपण किंवा प्रवासात एखादा दिवस बुडालाच, तर पुन्हा एकपासून मोजायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाला की बूट घाला.