जर्मन पाणबुडी युद्धचिन्ह

पाणबुडी युद्धचिन्ह हे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन नौदलाचे सन्मानचिन्ह होय. १३ ऑक्टोबर १९३९ रोजी सुरू झालेले हे चिन्ह सर्वसाधारणपणे दोन युद्धफेऱ्या पूर्ण करणाऱ्या पाणबुडी-सैनिकास मिळे. लॉरेलच्या लंबगोल माळेत पाणबुडी व वर नाझी स्वस्तिकासह गरुड, अशी त्याची रचना आहे.

आरंभीची चिन्हे टोंबॅक या पितळसदृश मिश्रधातूची, नंतरची जस्ताची. जस्तावरचा सोनेरी मुलामा टिकत नाही; त्यामुळे लखलखीत जस्ती चिन्हाकडे संग्राहकाने संशयानेच पाहावे. टोंबॅकची चिन्हे ठशाने दाबून घडवलेली असल्याने त्यांवरील पिसे व पाने रेखीव दिसतात. अस्सल चिन्हाचा साचा काढून ओतलेल्या नकलेत ती बोथट होतात आणि धातू थंड होताना आकुंचन पावत असल्याने नक्कल किंचित लहान भरते. पाठीवरील निर्मात्याचे नाव हा पुरावा नव्हे, कारण साच्यातून तेही उतरते. पश्चिम जर्मनीच्या १९५७ च्या कायद्यानुसार बनलेली स्वस्तिकविरहित चिन्हे मात्र नकली नव्हेत. ती युद्धकालीन म्हणून विकणे, ही फसवणूक होय.