खाडीतला तांदळाच्या दाण्याएवढा शंख : ओळखायचा कसा आणि त्याला नाव कोण देतं?

ठाणे : ओहोटी लागली की कोपरीच्या बाजूला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो. लांबून तो नुसता काळा चिखल दिसतो. पण खाली वाकून नीट पाहिलं, तर त्यावर बारीक दाणे हळूहळू सरकताना दिसतात. काही मोहरीएवढे, काही तांदळाच्या दाण्याएवढे. ते खडे नसतात, जिवंत शंख असतात. म्हणजे शंखाचं घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या गोगलगायी.

कालवं, तिसऱ्या, खुबे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहेत, कारण ते ताटात येतात. हे बारीक शंख खाण्याच्या उपयोगाचे नाहीत, बाजारात त्यांना भाव नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण चिखलावरचं बारीक शेवाळ खाऊन ते जगतात आणि खेकडे, मासे, पाणपक्षी यांचं खाणं होतात. खाडीचा संसार अशा जिवांवर चालतो.

मुंबईचे शंख, नाव ठेवणारा मँचेस्टरचा

या बारीक शंखांचा अभ्यास नवा नाही. इंग्रजांच्या काळात अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत शंख गोळा केले. ते मँचेस्टरच्या जेम्स कॉस्मो मेल्विल यांनी तपासले आणि १८९३ च्या सुमारास मुंबईच्या २५ नव्या जातींचं वर्णन छापलं. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईच्या केवळ अतिबारीक शंखांवर वेगळा लेख लिहिला.

मेल्विल यांनी नाव दिलेल्या एका गुळगुळीत, चकचकीत शंखाचं नाव आजही शास्त्रात 'गिब्बेरुला मझगॉनिका' असं आहे. 'मझगॉनिका' म्हणजे आपलं माझगाव! डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या जिवाने मुंबईच्या एका गावाचं नाव जगभर नेलं. मेल्विल यांचा शंखसंग्रह मात्र पुढे वेल्समधल्या कार्डिफच्या संग्रहालयात गेला.

ओळखताना काय बघायचं?

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर तो उजवा शंख. बहुतेक शंख उजवेच असतात, डावा क्वचित मिळतो. मग पुढच्या गोष्टी बघायच्या :

– वेढे : टोकापासून तोंडापर्यंत किती फेरे आहेत? ते फुगीर आहेत की सपाट?

– नक्षी : शंख गुळगुळीत आहे, की उभ्या-आडव्या रेघा, दाणे आहेत?

– तोंड : गोल की लांबट? कडा पातळ की जाड?

– झाकण : अंग आत ओढल्यावर बऱ्याच जाती तोंडाला झाकण लावतात. ते पातळ आहे की कडक?

– टोक : पिल्लू असतानाचं पहिलं घर शंखाच्या टोकाशी शिल्लक असतं. त्यावरून पिल्लू पाण्यात तरंगत वाढलं की नाही याचा अंदाज बांधता येतो.

इथे एक मोठी फसगत होते. बारीक शंख म्हणजे बारीक जात, असं नेहमी नसतं. खाडीच्या चिखलावर दिसणाऱ्या लांब, टोकदार, खरबरीत शंखाचं पिल्लूही आधी दाण्याएवढंच असतं. बऱ्याच जातींमध्ये वाढ पूर्ण झाली की तोंडाची कडा जाड होते. कडा पातळ, ठिसूळ असेल तर ते पिल्लू असण्याची शक्यता जास्त. दुसरी फसगत म्हणजे रिकाम्या शंखात शिरलेला खेकडा. पाय दिसले की समजायचं, घरमालक वेगळा आहे.

नवी जात कधी म्हणायची?

'असा शंख कधी बघितला नाही' एवढ्याने जात नवी ठरत नाही. आधी जुनी सगळी नावं तपासावी लागतात, मेल्विल यांच्या काळातलीसुद्धा. कारण नियम सरळ आहे : एकाच जातीला दोन नावं मिळाली असतील, तर साधारणपणे आधीचं नाव टिकतं.

बाहेरून सारखे दिसणारे दोन शंख आतून वेगळ्या जातीचे निघू शकतात. म्हणून अभ्यासक जिभेवरच्या सूक्ष्म दातांची पट्टी शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, डीएनए तपासतात. वेगळेपण पक्कं झालं की वर्णन छापतात आणि एक नमुना त्या नावाचा कायमचा पुरावा म्हणून संग्रहालयात ठेवतात. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जात सापडली तर सरकारने नेमलेल्या संस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. कार्डिफला गेलेल्या संग्रहासारखी गत आता व्हायला नको, हाच त्यातला अर्थ.

गावाला याचं काय?

ऐरोली ते वाशी पुलांदरम्यान खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगो कमी झाले तर लगेच बोंब होते. सांडपाण्याने किंवा भरावाने दाण्याएवढा शंख संपला, तर तो कधी होता हेच कुणाला सिद्ध करता येणार नाही. नोंद नसलेल्या गोष्टीचं नुकसानही कागदावर येत नाही. आणि उद्या मासळी का घटली असं विचारलं, तर उत्तराचा एक धागा आधीच तुटलेला असेल.

याच कायद्यात ग्रामपंचायत आणि महापालिका पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवहीची सोय आहे. त्या वहीत झाडं, मासे, पक्षी येतात, तसे हे शंखही यायला हवेत.

त्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. शंखाशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून तोंडाकडून, पाठीकडून आणि टोकाकडून असे तीन फोटो काढा. तारीख, ठिकाण, भरती-ओहोटीची वेळ आणि शंख चिखलावर होता, दगडावर होता की तिवराच्या खोडावर, हे लिहून ठेवा. स्थानिक नाव माहीत असेल तर तेही लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शंख मात्र जिथला तिथे सोडा. अभयारण्यातून आणि तिवरांच्या जंगलातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये. चिखलात एकट्याने उतरू नका, भरतीचं पाणी सांगून येत नाही.