संसार आधी, लग्न मागाहून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. लग्न करणारा कोण हे म्हणीत सांगितलेले नाही, पण तो बाप असे आपण धरूनच चालतो. सोयरीक बापाने पाहायची, याद्या चुलत्याने करायच्या, जेवणावळीचा आकडा भावकीने फुगवायचा, आणि ज्यांचे लग्न त्यांनी हळद लावून पाटावर मुकाट बसायचे. पुढे सोसायटीचा हप्ता थकला की मात्र त्याच दोघांना दुप्पट राबावे लागते. ज्यांनी फेडायचे त्यांना खर्च विचारूनच करायचा, अशी रीत आपल्याकडे कुठे आहे काय? आहे. आणि ती आपण ज्यांना अडाणी समजतो त्यांच्याकडे आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून भिवंडीकडे रस्ता फुटतो तेथे, वसई तालुक्यात, चिंचोटी गाव आहे. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला शहरातली माणसे लोटतात. ती डोंगराचे पाणी पाहून परत जातात. डोंगराच्या कडेने राहणारी माणसे त्यांच्या नजरेस फारशी पडत नाहीत. इथपासून उत्तरेला डहाणू-तलासरीपर्यंत वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे पसरले आहेत. यांतल्या बऱ्याच पाड्यांवर पूर्वापार असे चालत आले आहे की मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, दोन्ही घरच्यांनी मान डोलावली, की मुलगी नांदायला येते. चूल मांडली जाते, शेतावर दोघे जातात, मुलेही होतात. लग्न लागायचे असते ते राहिलेलेच असते. ते दोघांनी मिळून, जमेल तेव्हा करायचे.

का राहते? पैसा नसतो म्हणून. वारल्यांत हुंडा नाही, उलट मुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यावे लागते. शिवाय लुगडी, पाड्याला जेवण, पाहुण्यांना दारू, वाजंत्री. पावसाळ्यात थोडे भात पिकते, दिवाळीनंतर वीटभट्टी नाही तर गवत कापणी. अशा घरात एवढी रक्कम एका वर्षात उभी राहत नाही. म्हणून दोघे थांबतात. कधी दोन वर्षे थांबतात, कधी वीस. आईबापांचे लागल्याशिवाय मुलांचे लावायचे नाही, असा दंडक पुष्कळ घरांत असतो. त्यामुळे मुलगा लग्नाचा झाला की आईबाप आधी आपले उरकून घेतात, आणि सासूसासरे व सून-मुलगा एकाच मांडवात बसल्याचेही पाहायला मिळते. आपण याला हसतो. हसण्याआधी या मंडळींचा जुना हिशेब पाहिला पाहिजे.

पूर्वी हे लोक थांबत नसत, तेव्हा काय होई? तरुण वारली लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून रक्कम घेई. ती फिटेपर्यंत त्याने त्या घरी राबायचे, बायकोनेही राबायचे. व्याज सावकाराच्या मनाचे, वही त्याच्या हाती. रक्कम काही फिटत नसे आणि पोरेही त्याच दावणीला येत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्न करून मिळालेली ती पदवी! गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून जरूर आणावे. मे १९४५ मध्ये त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारली जमले आणि वेठ व लग्नगडीपणा झुगारण्याचे त्यांनी ठरवले. किसान सभेचे कार्यकर्ते मग गावोगाव फिरून लग्नगडी सोडवू लागले.

एवढ्याने वेठ संपली नाही. ती मोडण्यासाठी केंद्राला १९७५ साली वटहुकूम आणि १९७६ साली कायदा करावा लागला. कायदा झाल्यावरही वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी करावी लागली आणि तिचे सुरुवातीचे लढे वेठबिगारांच्या सुटकेचेच होते. म्हणजे, लग्नाच्या कर्जापायी माणूस विकला जाणे ही काही पुराणातली गोष्ट नव्हे. आजे-पणजे यांनी भोगलेली आहे.

आज लग्नगडी हा शब्द गेला. पण बयाणा आहे. भट्टीवाला हंगामाआधी जी उचल देतो तो बयाणा. तो लग्नात घातला की पुढचा सारा हंगाम नवरा-नवरी चिखल तुडवून, विटा पाडून तो फेडतात. हंगाम सरताना हिशेब अंगावरच निघाला तर त्यापुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर. म्हणून ‘आपण दोघे कमवू, साठले की लग्न करू’ असे म्हणणारे जोडपे आळशी नसते, बेशरम तर नसतेच. त्याने सावकाराची वही ओळखलेली असते.

असे जोडपे लग्नाची तयारी कशी करते ते पाहण्यासारखे आहे. भात घरचे ठेवायचे, ते विकायचे नाही. लग्न माघापासून वैशाखापर्यंत, म्हणजे पीक घरात आलेले आणि नांगर अजून लांब. सरपण दोघांनी आधीच रचून ठेवायचे. मांडवाला मेढी आणि डहाळे लागतात, त्याला पाड्यातले हात लागतात, पैसा नाही. खरा विधी तर फारच स्वस्त आहे. तांदळाच्या पिठाने सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाई, आणि ती ते गाण्याने लावते. (याच भिंतीवरची चित्रे पुढे कागदावर उतरून देशोदेशी गेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मूळ लिहिणाऱ्या बायकाच, हे विसरू नये.) पीठ, गेरू आणि धवलेरीचा मान, एवढ्यात लग्न लागते. महाग आहे ते बाकीचे. आणि हल्ली त्या बाकीच्यात बेंजो, डीजे, हळदीच्या रात्रीचे मटण आणि छापील पत्रिका यांची भर पडली आहे. ही हौस पाड्यांनी आपल्याकडून, रस्त्याकडेच्या गावांकडून उचलली. दोष द्यायचा तर आपल्याला द्यावा लागेल.

वधूवरांनी आपले लग्न आपल्या हाती घेणे शेतकरी समाजाला परकेही नाही. जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीवाचून पहिले लग्न लावले. सत्यशोधक पद्धतीत वधू आणि वर एकमेकांशी स्वतः बोलून वचन देतात. ती बोलू शकते, हेच तेव्हाच्या गावकीला झोंबले. आपल्या मुलामुलींना याद्यांच्या वेळी समोर बसवून ‘तुम्हाला किती झेपेल?’ एवढे जरी विचारले, तरी निम्मी यादी तिथेच कापली जाईल असे मला वाटते.

आता या रीतीची पडती बाजू. ती सांगितलीच पाहिजे, कारण तिचा घाव बाईवर बसतो. थांबण्याच्या वर्षांत कागदावर ती कोणाची कोणीच नसते. नवरा भट्टीवर वारला किंवा दुसरी घेऊन बसला, तर शिधापत्रिका, विधवेचे निवृत्तिवेतन, जमिनीचा वारसा या प्रत्येक ठिकाणी तिला ‘लग्नाचा दाखला आण’ म्हणतात. डोंगरकडच्या घरांना तर आणखी एक कारण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहित जोडप्याचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदला जातो. लग्नच कागदावर नसेल तर तिचे नाव गळण्याचा धोका असतो, आणि ज्या दळीवर ती नवऱ्याइतकीच राबली ती तिच्या हातून जाऊ शकते.

म्हणून जेवणावळ खुशाल पुढे ढकला, लग्न आणि कागद ढकलू नका. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांचे त्यांच्या रूढीने लागलेले लग्न कायद्याला मान्य आहे. तेव्हा धवलेरीला बोलावून चौकापुढे साधे लग्न लावावे आणि त्याची नोंद करावी. गावात नोंद ग्रामपंचायतीत होते, महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या कार्यालयात. ज्यांना विधीही नको त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. कोणत्याही वाटेने गेलात तरी मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पुरा हवा. नांदायला येण्यालाही हेच वय धरा. कोवळ्या पोरीला ‘लग्न कुठे झालंय’ म्हणून आधी पाठवणे हा गुन्हाच आहे.

नोंदणीला वयाचा व राहण्याचा पुरावा, दोघांचे फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार पाड्यातलेच चालतात. लग्न लागल्यापासून नव्वद दिवसांत गेले तर दंड पडत नाही. माघात लग्न लागले तर दोघांनी भट्टीवरून एक दिवस रजा काढून जावे, आणि दाखल्याच्या दोन प्रती काढून एक तिच्या माहेरी ठेवावी.