एक डोळा झाका, मग विचारा

आजचा एपिसोड छोटाच आहे. पण घरात किंवा शेजारी तीन ते सात वर्षांचं पोरगं असेल तर पूर्ण ऐका.

मी आरमोरीचा, काम सॉफ्टवेअरचं, म्हणून कॅमेऱ्याच्या भाषेत सांगतो. बाळाला डोळे जन्मतः असतात, पण बघायचं कसं हे मेंदूला शिकावं लागतं. हे शिकणं साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. त्या काळात एका डोळ्याचं चित्र सतत धूसर आलं (मोठा नंबर, तिरळेपणा, क्वचित जन्मतः मोतीबिंदू), तर मेंदू त्या कॅमेऱ्याचं फीड घेणंच सोडत जातो. याला म्हणतात आळशी डोळा. डॉक्टर अँब्लिओपिया म्हणतात. पुढे पंधराव्या वर्षी भारी चष्मा लावला, तरी त्या डोळ्याला पूर्ण दिसेल याची खात्री नसते.

आणि असं पोरगं तक्रार करत नाही! दुसरा डोळा काम भागवतो. पळतं, खेळतं, मोबाईल बघतं. जगाला असंच दिसतं असं त्याला वाटतं.

माझ्या भाच्याचं तेच. अंगणवाडीतल्या तपासणीत डावा डोळा झाकला तर काही नाही, उजवा झाकला की हात ढकलून रडायला लागला. ताईला वाटलं हट्ट करतोय. तो चांगला डोळा झाकल्यामुळे रडत होता. मग चष्मा आला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. किती तास ते डॉक्टर ठरवतात. पट्टीवरून घरात रोज महाभारत होतं, ते वेगळं.

ही तपासणी फुकट असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. वाचता न येणाऱ्या पोरांसाठी इंग्रजी ई अक्षराचा तक्ता असतो. ई चे दात कुठल्या बाजूला, ते बोटांनी दाखवायचं. अक्षरओळख लागत नाही.

माझ्या मते गाडी अडते ती पुढे. विदर्भात शाळा उघडते जूनअखेर, आणि लगेच धानाची रोवणी. त्या दिवसांत पथकाने चिठ्ठी दिली, तर गडचिरोलीला जायचं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते. चिठ्ठी दप्तरात राहते, दिवाळी येते. आईबापाला नावं ठेवू नका. तुमच्याकडे गाडी असेल तर एक दिवस तुम्ही न्या त्या पोराला. आणि "चष्मा लावला की नंबर वाढतो" म्हणणाऱ्या काकांना सांगा, चष्म्याने नंबर वाढत नाही.

घरी एवढं करा. एकेक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि लांबचं चित्र ओळखायला लावा. दोन डोळ्यांत फरक वाटला, मान वाकडी करून बघत असेल, डोळा तिरळा जात असेल, तर दाखवा. काही वाटलं नाही तरी पथकाची तपासणी चुकवू नका. आणि फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली, तर थांबू नका. त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, रोवणी असली तरी.