केमोच्या फेऱ्यांमधला तिसरा आठवडा

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

अशा रुग्णालयांत केमो बऱ्याचदा दर तीन आठवड्यांनी देतात. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत कमी होतात, मग सावरतात. म्हणून संसर्गाचा धोका टाळत मित्रमंडळींना बोलवायचे तर तिसऱ्या आठवड्यात, डॉक्टरांना विचारून. पत्त्यांचा डाव मांडा, जुने अल्बम काढा. सोसत असेल तर कुंदाही आणा! रुग्णाशेजारी हसण्यात कसला अपराध? सर्दी-खोकला असलेल्यांनी मात्र फोनवरच गप्पा माराव्यात. गणेश विसर्जनाची मिरवणूक गर्दीत शिरून नव्हे, ओळखीच्या कुणाच्या गॅलरीतून पाहावी. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला लगेच कळवायचे.

सोबत करणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला बहुतेक जण विसरतात, याचे फार वाईट वाटते. ‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर थांबू नका. दोन तास त्यांच्या घरी बसा आणि त्यांना मित्रांबरोबर बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जैन मंदिरापर्यंत फिरून येऊ द्या.