मोहाचे झाड कोणाचे?

एप्रिलमध्ये चिमूरहून कोलाऱ्याकडे पहाटे निघाले की धुऱ्यांवर आणि जंगलाच्या तोंडाशी टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया दिसतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. रात्रभर गळलेला मोह दवाने टपोरलेला असतो आणि ऊन चढायच्या आत तो वेचून व्हावा लागतो. हे झाड कोणाचे, असे विचारले तर तलाठ्याच्या सातबाऱ्यात एक उत्तर मिळते, वनखात्याच्या नकाशात दुसरे आणि त्या बाईकडे तिसरे. तिचे उत्तर असते, ‘आमची आजी इथंच वेचायची.’ माझ्या मते तिचे उत्तर कायद्यालाही धरून आहे.

इंग्रजांनी आणलेल्या कायद्यात मालकी म्हणजे हक्कांची मोळी असते. कसणे, विकणे, गहाण ठेवणे, दुसऱ्याला मज्जाव करणे या तिच्यातल्या वेगवेगळ्या काटक्या, आणि त्या वेगवेगळ्या हातांत असू शकतात. दुसऱ्याच्या जमिनीतून लाकूड, गवत, मासे नेण्याचा हक्क ही त्यातलीच एक काटकी. त्या कायद्यात तिला ‘प्रॉफिट आ प्रांद्र’ असे जुने फ्रेंच नाव आहे. इंग्लंडमध्ये १२१७ च्या वनसनदेने राजाच्या जंगलातले असे हक्क रयतेला लिहून दिले होते. आपल्याकडे त्यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, निस्तार.

चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, ही मोळी फार आधीपासून वाटलेली होती. जो तलाव खोदेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा गोंड राजा हीरशहाचा हुकूम होता असे सांगतात. १८६० च्या दशकात इंग्रजांचा बंदोबस्त झाला आणि सारा गोळा करणारे मालगुजार जमिनीचे मालक ठरले. पण सगळी मोळी त्यांच्या हाती गेली नाही. गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये गावाच्या वहिवाटी नोंदल्या जात: जळणाचे लाकूड कोणी न्यायचे, गुरे कुठे चरायची, तलावाचे पाणी कसे फिरवायचे. मालक एक आणि हक्कदार सगळे गाव, हे त्या कागदाला मान्य होते.

१८८२ चा सुखाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्काचा कायदा, सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि आपला मध्य प्रांत एवढ्याच भागांत लागू झाला. गावच्या सामायिक कुरणात गुरे चारण्याचा रूढ हक्क त्यात उदाहरण म्हणून दिलेला आहे. वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि हक्क म्हणून वहिवाट केली की सुखाधिकार पक्का होई. सरकारी जमिनीसाठी मात्र साठ वर्षे लागत. घोळ झाला तो जंगलात. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातल्या हक्कांसाठी दावे मागवले आणि वेळेत दावा न करणाऱ्याचा हक्क संपला. ज्यांना नोटीस वाचता येत नव्हती, त्यांचा हक्क त्या मुदतीत बुडाला. उरली ती सवलत, आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. कुळांना दिलासा मिळाला हे खरेच. पण गावाचे रान, पडीक आणि तलावही सरकारजमा झाले. त्या तलावांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. याच बदलातून ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जमीनदार पतीने पत्नीला बारा वर्षे जंगलातले लाकूड आणि बांबू नेण्याचा हक्क लिहून दिला होता, पण दस्त नोंदवलेला नव्हता. १९५८ मध्ये नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस यांनी उभे लाकूड आणि झाड यांतला फरक उलगडून दाखवला. तोडण्याच्या बेताचे लाकूड जंगम. जमिनीतून रस घेत वाढत राहणारे झाड स्थावर. असा हक्क स्थावराचा, म्हणून नोंदणी हवी, आणि नोंदणी नाही म्हणून तो हाती आलाच नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो. मला त्यात खटकते ते एवढेच की न लिहिलेल्या निस्ताराचे काय, हा प्रश्न तिथे कोणी नेलाच नव्हता.

पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ मध्ये, कलम १६१ ला निस्तारपत्रक आणि १६५ ला वाजिब-उल-अर्ज विदर्भासाठी राहिले. झुडपी जंगल म्हणून नोंदलेली पूर्व विदर्भातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुलाची की वनाची, हा वाद मात्र मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वनाच्या बाजूने सुटला.

मोळी पुन्हा गावाकडे वळली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १८०९ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये तो मिळाला. पाचगावने बांबू स्वतः विकला आणि तेंदूपत्ता तोडणे थांबवले, कारण त्यासाठी आगी लावल्या जातात आणि फांद्या छाटल्या जातात. हा हक्क वारशाने जातो, पण विकता येत नाही. विक्रीची काटकी नसलेली मोळीही मालमत्ताच असते, हे या गावांनी दाखवले.

अडचण उरते ती बिगर आदिवासींची. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे तिथे राहून जंगलावर जगल्याचा पुरावा द्यावा लागतो. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांनुसार पुरावा धरला जातो, आणि बंदोबस्ताचे जुने दप्तरही. म्हणून दावा करू पाहणाऱ्या गावांनी दोन कामे आधी करावीत. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून त्यांवर अंगठे घ्यावेत, आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात फडक्यात बांधलेले आपल्या गावाचे वाजिब-उल-अर्ज मागावे. मोह वेचणाऱ्या बाईची आजी त्या कागदात नावाने सापडणार नाही, पण तिची वहिवाट सापडू शकते.